औंढ्याचे फिरलेले देऊळ

शिवालयात शिरणाऱ्या भाविकाच्या मनात दर्शनाचा एक क्रम ठरलेला असतो. प्रथम नंदीला हात लावायचा, त्याच्या शिंगांमधून गाभाऱ्याकडे पाहायचे, मग उंबरठा ओलांडायचा. स्वामीकडे एकटक पाहत बसलेला नंदी हीच शिवालयाच्या पुढच्या बाजूची खूण. औंढा नागनाथ येथे मात्र हा क्रम मोडतो. येथे नंदी समोर नाही; त्याचे स्थान देवळाच्या मागच्या बाजूस आहे. प्रथमच आलेला भाविक थबकतो आणि विचारतो, की नंदी चुकला की देऊळ? गावातील कोणीही वडीलधारा माणूस उत्तर देतो, ‘नंदी आहे तिथेच आहे. देऊळ फिरले.’

कंधारहून नांदेड आणि नांदेडहून वसमतमार्गे गेले की औंढा लागते. कंधार ही राष्ट्रकूटांच्या वैभवाची नगरी. शैव आणि जैन या दोन्ही परंपरांना त्या राजवटीत आश्रय मिळाला आणि दोहोंचे पाषाणावशेष कंधारने आजवर सांभाळले. अशा भूमीतून निघालेल्या यात्रेकरूला औंढ्याचा काळा दगड परका वाटत नाही. आज औंढा हिंगोली जिल्ह्यात आहे. 1999 पूर्वी तो सारा भाग परभणी जिल्ह्यात होता. औंढ्याच्याच तालुक्यातील शिरड शहापूर हे भगवान मल्लिनाथांचे क्षेत्र जैन यात्रेकरूंच्या परिचयाचे आहे. त्या यात्रेस जाणाऱ्या कुटुंबांच्या वाटेवरच हे आगळे देऊळ उभे आहे.

देवळाचा तळभाग यादवकालीन मानला जातो. तारकाकृती विन्यास, अंगावर कोपऱ्यामागून कोपरे, खालच्या थरात हत्तींची रांग, वरच्या थरांत देवदेवतांच्या मूर्ती, आणि त्यांत अर्धनारी नटेश्वराचे देखणे शिल्प. वर पाहिले की मात्र दगड संपतो आणि चुनेगच्चीचे निराळे काम सुरू होते. मूळ शिखर औरंगजेबाच्या काळात पाडले गेले आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, असे परंपरा सांगते. दोन काळांचा हा सांधा नवख्या माणसालाही दिसतो. गाभाराही नेहमीसारखा नाही. सभामंडपाच्या पातळीवर तो नाहीच, जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने, अंग चोरून, वाकून खाली उतरावे लागते. खाली छत इतके ठेंगणे, की उंच माणसाला ताठ उभे राहता येत नाही. पेढीवर कितीही मोठे नाव असो, येथे प्रत्येकाची मान आपोआप खाली जाते.

या तळघरातील देवाची कथा शिवपुराणात आहे, आणि तिचा नायक राजा नाही, ऋषीही नाही. तो एक वैश्य आहे. त्याचे नाव सुप्रिय. दारुका नावाची राक्षसी आणि तिचा पती दारुक यांनी समुद्रात आपले वन वसवले होते. त्या बाजूने जाणाऱ्या नौका ते लुटत आणि माणसांना बंदिवान करत. एकदा पुष्कळ नौका त्यांच्या हाती लागल्या. त्यांतील माणसांचा प्रमुख सुप्रिय होता. माल गेला, नौका गेल्या, पायांत बेड्या पडल्या. पण पूजेवाचून अन्न न घेण्याचा त्याचा नेम सुटला नाही. कारागृहात ना मूर्ती होती, ना फुले, ना दिवा. त्याने मनातच पूजा मांडली आणि शेजारच्या बंदिवानांनाही शिवनाम शिकवले. राक्षस मारण्यास धावला तेव्हा जमिनीतील विवरातून शंकर प्रकट झाले, अशी कथा आहे. तेच नागेश ज्योतिर्लिंग. ते स्थान आपलेच, असे गुजरातेत द्वारकेजवळचे नागेश्वर सांगते, हिमालयातील जागेश्वरही सांगते; महाराष्ट्र औंढ्याचे नाव घेतो. वाद पंडितांनी करावा. औंढ्याच्या जमिनीखालच्या गाभाऱ्यात उतरताना मात्र बंदिवासात, विवरातून प्रकटलेल्या देवाची कथा डोळ्यांसमोर उभी राहते. सर्वस्व गमावलेल्या व्यापाऱ्याकडे एक नेम शिल्लक होता, आणि तोच पुरेसा ठरला.

देऊळ फिरल्याची कथा याच्या कितीतरी नंतरची आहे. तिचा नायकही बाजारपेठेतलाच.

संत नामदेवांचा जन्म 1270 सालचा. त्यांचे मूळ गाव नरसी बामणी हे याच हिंगोली जिल्ह्यात. वडील दामाशेटी, आई गोणाई. घरचा व्यवसाय शिंप्याचा. मुलाचे लक्ष धंद्यात नव्हते. कापड विकायला बाजारात धाडलेला नामा वाटेतल्या दगडांना उधारीवर कापड देऊन आला आणि जामीन म्हणून एक धोंडा घरी घेऊन आला, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. हिशेबी दामाशेटींना त्या दिवशी काय वाटले असेल, हे व्यापारी घरांना निराळे सांगायला नको.

हेच नामदेव एकदा नागनाथाच्या दारी कीर्तनाला उभे राहिले. विठ्ठलाचा भक्त शंकरापुढे गात होता आणि माणसे जमत होती. पूजेत व्यत्यय येतो, वाट अडते, असे पुजाऱ्यांनी म्हटले. त्या बोलण्यात जातीचाही बोच होता. ‘गायचेच असेल तर देवळामागे जा,’ असे त्यांना बजावण्यात आले. नामदेव भांडले नाहीत. ते उठले, मागे गेले, तेथे बसले आणि पुन्हा गाऊ लागले. गाणे रंगत गेले आणि देऊळ हळूहळू फिरले. देवाचे मुख नामदेवांकडे झाले. पुजारी होते तेथेच राहिले. पण आता ते पाठीमागे होते. नंदीही जागचा हलला नाही, आणि म्हणून आज तो मागे आहे.

ही कथा महाराष्ट्रापुरती राहिली नाही. नामदेव पुढे उत्तरेत गेले आणि पंजाबातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले. त्याच घुमानला 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. शीखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची 61 पदे आहेत. त्यांतील भैरव रागातील एका पदात हाच प्रसंग येतो. हसतखेळत देवळात आलेल्या भक्ताला उठवले जाते, तो आपली कांबळ उचलून मागे जाऊन बसतो आणि देऊळ त्याच्याकडे फिरते. शिंप्याचा जन्म आपल्याला का दिला, हा देवाला विचारलेला प्रश्नही त्याच पदात आहे. पदात गावाचे नाव नाही. मराठवाड्याची श्रद्धा ते औंढ्याशी जोडते. पुढे 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी याच ग्रंथाला गुरुपद दिले, तेही नांदेडला. नरसीच्या शिंप्याचे शब्द पंजाबची वाट चालून, ग्रंथात बसून, पुन्हा गोदावरीकाठी परतले, आणि आज नांदेडच्या गुरुद्वारात त्यांच्यापुढे मस्तक नमवले जाते.

औंढ्याने नामदेवांना आणखी एक धडा दिला. संतमंडळीत गोरोबाकाकांनी ‘हे मडके अजून कच्चे आहे’ असे म्हटल्यावर नामदेव गुरूच्या शोधात येथे आले, असे सांगतात. देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. विसोबाही मूळचे व्यवहारातले. कोणी त्यांना सराफ म्हणतात, कोणी चाटी, म्हणजे कापडाचे व्यापारी. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, ‘बाबा, जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव.’ नामदेवांनी पाय उचलून ज्या ज्या जागी ठेवले, तेथे तेथे पिंड दिसली. अखेर त्यांनी ते पाय आपल्या मस्तकी धरले.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की त्यांचे नाते उमगते. एकीत देव भक्ताच्या दिशेने वळतो. दुसरीत देवाला दिशाच नाही, हे भक्ताला कळते. जो सर्वत्र आहे, त्याला पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती? पुढे आणि मागे ही माणसांची मांडणी आहे. कोणी समोर उभे राहायचे, कोणी खांबाआड, कोणी उंबऱ्याबाहेर, हे दगडाने ठरवलेले नव्हते.

अशी कथा एकट्या औंढ्याची नाही. कर्नाटकात उडुपीच्या कृष्णमंदिरात कनकदासांना प्रवेश नाकारला गेला, तेव्हा मूर्ती पश्चिमेकडे वळली आणि भिंतीतल्या फटीतून तिने भक्ताला दर्शन दिले, असे सांगतात. ती खिडकी आजही कनकदासांच्या नावाने ओळखली जाते. मात्र कथांमध्ये देवळे फिरली, तरी व्यवहारात दारे उघडण्यास शतके लागली. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो 1930 साली. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. नामदेवांच्या कथेला तोवर सहा शतके उलटून गेली होती. ती कीर्तनांतून रंगवून सांगणाऱ्या आणि डोळे पुसत ऐकणाऱ्या समाजातच ती दारे बंद होती.

म्हणून औंढ्याचा नंदी पाहताना कौतुकापाशी थांबून चालत नाही. देऊळ खरोखर फिरले का, हा प्रश्न स्थापत्याच्या जाणकारांसाठी ठेवता येईल. घराघरांतला प्रश्न निराळा आहे. मोंढ्यात आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचा पैसा सारखाच मोजून घेतला जातो. गिऱ्हाईक कोण, कुठले, हे गल्ल्याला कळत नाही. मग मंगलकार्यात, पंगतीत, उत्सवाच्या मंडपात पुढची रांग कोणासाठी राखली जाते? दुकानातला हमाल, घरात राबणारी बाई, दूरचा गरीब नातेवाईक यांना कोणती जागा मिळते? ‘जरा मागे बसा’ हे तीन शब्द किती सहज निघतात! औंढ्याच्या पुजाऱ्यांनीही याहून फार कठोर शब्द वापरले नसतील.

ज्यांच्यासाठी देऊळ फिरले, त्या नामदेवांनी स्वतःसाठी कोणती जागा मागितली, हेही पाहण्याजोगे आहे. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. गाभारा नाही, सभामंडप नाही. आत जाणाऱ्या साऱ्यांचे पाय लागावेत अशी दारातली पायरी. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना आयुष्यभर देवळाबाहेर राहावे लागले, आणि मंगळवेढ्याहून त्यांच्या अस्थी आणून ही समाधी नामदेवांनीच बांधवली, असे परंपरा सांगते. देवाने तोंड वळवून ज्याचा मान राखला, तो अखेर बाहेर ठेवलेल्या आपल्या मित्राशेजारी जाऊन बसला.