पगाराच्या स्लिपपासून ताळेबंदापर्यंत

आपल्या वस्त्यांमधली बरीच मुले-मुली आता पदवीनंतर एम.एस.डब्ल्यू., एम.बी.ए. अशा अभ्यासक्रमांकडे वळतात आणि त्यात मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय घेतात. माणसांत राहायचे, कामगारांचे प्रश्न सोडवायचे, शिवाय नोकरी ऑफिसातली. निवड चांगलीच आहे. पण यातल्या अनेकांचे गणित दहावीलाच सुटलेले असते. पुढे मराठी नाहीतर समाजशास्त्र घेऊन बी.ए. होतात आणि मग अचानक हिशेबाचा पेपर समोर उभा राहतो. "आम्हाला माणसे सांभाळायची, आम्हाला जमाखर्च कशाला?" असे ही मुले विचारतात. गाइड पाठ करून पेपर निघतो, विषय मात्र कॉलेजातच राहतो.

हे दुखणे जुने आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. कॅन्टीन, पाळणाघर, तक्रारी ही त्याची कामे. पैशाचा निर्णय दुसरीकडेच होई. आता खात्याचे नाव एच.आर. झाले, पण ज्याला ताळेबंद वाचता येत नाही तो अधिकारी अजून हजेरी आणि निरोपसमारंभ यातच अडकलेला दिसतो. पगारवाढीचा आकडा ज्या खोलीत ठरतो तिथे त्याला कोणी विचारत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, ४०० कामगारांच्या कारखान्यात युनियनने मूळ पगारात महिना २,६०० रुपये वाढ मागितली. वर्षाचा बोजा १ कोटी २४ लाख ८० हजार. त्यावर मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा, साधारण १५ लाख. इथवर विद्यार्थी येतात. पण ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात. म्हणजे आज मूळ पगार वाढला की मागच्या सगळ्या वर्षांची ग्रॅच्युइटीही वाढली. प्रत्येकाची नोकरी सरासरी १० वर्षे धरा. माणशी १५,००० रुपये, एकूण ६० लाखांचे देणे एका सहीने वाढते! म्हणून व्यवस्थापन म्हणते, वाढ घ्या, पण मूळ पगारात नको, भत्त्यात घ्या. दरमहा हातात पडणारी रक्कम जवळपास तीच, उलट कपात कमी म्हणून थोडी जास्तच. फरक कळतो तो निवृत्तीच्या दिवशी. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेने याला थोडा लगाम घातला आहे. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. हा हिशेब ज्याला येतो त्याच्याशी युनियनचे लोकही नीट बोलतात, आणि साहेबही.

आमच्या मते खरी गडबड शिकवण्यात आहे. पहिल्याच दिवशी फळ्यावर डेबिट-क्रेडिटचे नियम लिहिले की मागच्या बाकावरची मुले गळालीच म्हणून समजा. त्याऐवजी पगाराच्या स्लिपपासून सुरुवात करावी. कामगाराच्या घरात हा धडा आयताच असतो. मूळ पगार, महागाई भत्ता, पी.एफ., व्यवसाय कर, सगळे एका कागदावर. मग ग्रॅच्युइटी घ्यावी. तिथे महिना २६ दिवसांचा धरतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल तर दिवसाचे १,०००, पंधरा दिवसांचे १५,०००, आणि २० वर्षांच्या नोकरीचे ३ लाख. कोणी २६ ऐवजी ३० ने भागले तर २ लाख ६० हजारच निघतात. एका भागाकारात एका माणसाचे ४०,००० रुपये गेले. आणि हा भागाकार तपासायला बसलेला माणूस एच.आर. चाच असतो.

त्यानंतर बोनस. १९६५ च्या कायद्यात किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के अशी मर्यादा होती, २०१९ च्या वेतन संहितेतही तीच राहिली. किमानाच्या वर किती द्यायचे हे नफ्यावर ठरते, आणि त्या नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरचा परतावा आधी वजा होतो. घसारा म्हणजे यंत्राची किंमत दरवर्षी वहीत कमी दाखवणे. त्या वर्षी तेवढे पैसे तिजोरीतून बाहेर गेलेले नसतात. एवढे समजले की "यंदा नफा नाही" हे वाक्य ऐकून विद्यार्थी गप्प बसत नाही, पुढचा प्रश्न विचारतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल कोणालाही पाहता येतात. त्यात कर्मचाऱ्यांवरील खर्चाची ओळ वेगळी असते. लागोपाठच्या दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडून विक्री किती वाढली, नफा किती आणि ही ओळ किती, एवढेच वर्गात काढायला लावावे. जाड पुस्तक नंतर उघडले तरी चालेल.

आई-वडिलांना एक विनंती. जुन्या पगाराच्या स्लिपा रद्दीत घालू नका. मुलीला किंवा मुलाला कॉलेजात प्रकल्प करायचाच असतो. दहा वर्षांच्या स्लिपा ओळीने मांडून मूळ पगार किती वाढला आणि भत्ते किती वाढले, याचा तक्ता त्यांना करू द्या, आणि संध्याकाळी तुम्हीही शेजारी बसून तो पाहा.