सहा पूर्णांक तीन म्हणजे किती टक्के?

मा. अध्यक्ष,
विद्यापीठ अनुदान आयोग,
बहादूरशाह जफर मार्ग, नवी दिल्ली.

महोदय,

एका तालुक्याच्या गावात, महाविद्यालयाच्या फाटकासमोर माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. शिष्यवृत्ती, बँकेची भरती, एम.ए.चा प्रवेश, नेट-सेट, कंपनीची कॅम्पस मुलाखत असे सगळे फॉर्म मुले माझ्याकडून भरून नेतात. आयोगाची परिपत्रके वाचणे हे खरे तर माझे काम नव्हे. तरीही मी ती वाचतो, कारण त्यांत जे लिहायचे राहून गेले आहे, ते काउंटरपलीकडे उभी असलेली मुले मला विचारतात. मला उत्तर देता येत नाही. आपल्याला देता येईल, निदान द्यायला हवे, म्हणून हे पत्र.

2014 साली आपल्या आयोगाने चॉइस बेस्ड क्रेडिट पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि पुढच्या शैक्षणिक वर्षापासून विद्यापीठांनी ती राबवावी असे सांगितले. देशभर मूल्यमापनाच्या तऱ्हा वेगवेगळ्या असल्यामुळे एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाताना आणि नोकरी शोधताना विद्यार्थ्यांना त्रास होतो, तेव्हा सगळीकडे एकसारखी श्रेणीपद्धत असावी, असे त्यात आपणच म्हटले आहे. निदान अचूक होते. त्यावर आपण जे औषध दिले, ते असे: ‘ओ’ला 10, ‘ए प्लस’ला 9, ‘ए’ला 8, ‘बी प्लस’ला 7, ‘बी’ला 6, ‘सी’ला 5, काठावर पास झालेल्याला 4 आणि नापासाला शून्य. तक्ता तिथेच संपला. ‘ओ’ किती गुणांना द्यायचा, हा रकाना त्या तक्त्यात नाहीच. गुणांवरून थेट श्रेणी द्यायची की वर्गातल्या इतरांशी तुलना करून द्यायची, तेही आपण ज्याच्या त्याच्यावर सोडले. एकसारखेपणाचे वचन देऊन एकसारखी फक्त अक्षरे दिली, याची आपल्याला त्या वेळी कल्पना नव्हती असे मी कसे समजू?

परिणाम आपण पाहिलाच असेल. ही पद्धत आली तेव्हा मुंबई विद्यापीठात 80 गुणांना ‘ओ’ मिळत होता. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात त्यासाठी 91 लागत. म्हणजे शंभरात 82 मिळवणाऱ्या मुंबईच्या मुलाचे 10 आणि चेन्नईच्या मुलाचे 9. आयआयटीत तर श्रेणी साधारणपणे वर्गातल्या स्थानावरून ठरते. तिथला 8 म्हणजे वर्गाच्या तुलनेत तू कुठे आहेस याचे उत्तर, आणि आमच्या समोरच्या महाविद्यालयातला 8 म्हणजे पेपरात किती मिळाले याचे. कागदावर दोन्ही 8 सारखेच दिसतात. ज्या मालकाने नोकरी द्यायची, त्याने हा भेद कुठे वाचायचा?

सरासरीच्या गणिताबद्दल माझी तक्रार नाही. प्रत्येक विषयाच्या क्रेडिटला त्यातल्या ग्रेड पॉइंटने गुणायचे, सगळ्याची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे. चार क्रेडिटच्या पेपरात 6 आणि दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकात 9 असतील तर 24 अधिक 18, भागिले 6, म्हणजे 7. मी हे मुलांना झेरॉक्सच्या रद्दी कागदावर करून दाखवतो आणि त्यांना ते लगेच समजते. अडचण पुढे येते. फॉर्म टक्के मागतो.

समजा एखाद्या मुलीचा सीजीपीए, ज्याला मुले ‘पॉइंटर’ म्हणतात, तो 6.3 आहे. त्याचे टक्के किती? सरळ दहाने गुणणाऱ्या विद्यापीठात 63. साडेनऊने गुणणाऱ्या ठिकाणी 59.85. गुजरात तंत्रज्ञान विद्यापीठाच्या रीतीने अर्धा वजा करून दहाने गुणले तर 58. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाने वापरलेल्या रीतीप्रमाणे पाऊण वजा करून दहाने गुणले तर 55.5. मुलगी तीच, अभ्यास तोच, श्रेणी तीच, आणि साडेसात टक्क्यांचा फरक! दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे 60 टक्के मागणाऱ्या कंपनीच्या दारात पहिल्या हिशोबाने ती आत जाते, बाकी तिन्ही हिशोबांनी बाहेर राहते. त्यातल्या एकात तर ती 0.15 टक्क्याने बाहेर राहते. आपण या मुलीला काय सांगाल? की तुझे विद्यापीठ चुकले?

त्या साडेनऊची कथा आपल्याला माहीत असणारच, पण वाचकांसाठी सांगतो. तो आकडा मुळात सीबीएसईच्या दहावीचा. ‘ए वन’ मिळवणाऱ्या, म्हणजे 91 ते 100 मधल्या मुलांची मागच्या पाच वर्षांची सरासरी 95 निघाली, तिला दहाने भागून 9.5 केले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी, एका मंडळाने, एका परीक्षेपुरता काढलेला अंदाज. पुढे त्या मंडळाने दहावीची ती पद्धतच मोडीत काढली आणि 2018 पासून पुन्हा बोर्डाची गुणांची परीक्षा सुरू केली. साडेनऊ मात्र पदवीच्या आणि नोकरीच्या फॉर्मात घर करून राहिला. ज्या संस्थांनी तो उचलला, त्यांना ‘हा तुमचा नव्हे’ असे सांगण्याची जबाबदारी देशात कोणाची होती?

आता आयोगाच्या स्वतःच्या कागदांकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त राग तिथे येतो. 2016 च्या आपल्या पीएच.डी. नियमात 55 टक्के किंवा सात बिंदूंच्या श्रेणीतला ‘बी’, असे स्वच्छ लिहिले होते. म्हणजे टक्के आणि श्रेणी यांची गाठ घालून देणे आयोगाला जमत होते. 2022 च्या नियमात ती गाठ सुटली. तिथे चार वर्षांची पदवी घेऊन थेट पीएच.डी.ला येणाऱ्याला 75 टक्के ‘किंवा समकक्ष श्रेणी’ लागते. त्याच वर्षीच्या पदवीच्या आराखड्यात चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरणाऱ्याला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के हवेत. समकक्ष म्हणजे कशाशी समकक्ष? 7.5 शी, 7.9 शी, की 8.25 शी? वरच्या हिशोबांतला जो घ्याल, त्याप्रमाणे उत्तर बदलते. आपल्याच वतीने होणाऱ्या नेट परीक्षेच्या माहितीपत्रकात मात्र पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 55 टक्के हवेत आणि आकडा वर ओढून पूर्ण करता येणार नाही, अशी तंबी असते. 54.99 चालणार नाही इतका कडकपणा आहे, आणि ते 54.99 मोजायचे कसे याबद्दल मौन. हा न्याय कुठला?

आपले उत्तर मला साधारण ठाऊक आहे. विद्यापीठे स्वायत्त आहेत, आयोग शिफारस करतो, अंमलबजावणी त्यांची. हे उत्तर महाराष्ट्रातल्या माणसाला देऊ नये अशी नम्र विनंती. 2020 च्या उन्हाळ्यात कोरोनाची साथ भरात असताना आमच्या राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरवले होते. आयोगाने जुलैमध्ये फर्मान काढले की परीक्षा सप्टेंबरअखेर व्हायलाच हव्यात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 28 ऑगस्टला निकाल आला: राज्याला मुदत वाढवून मागता येईल, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. पदवीचा दर्जा टिकवणे हे आयोगाचे कर्तव्य आहे, असे आपण तेव्हा ठासून सांगितलेत. आमच्या मुलांनी त्या साथीत घरातल्या एकुलत्या मोबाइलवर परीक्षा दिल्या. त्या वेळी स्वायत्तता आड आली नाही. मग मार्कशीटवर एक तक्ता छापायला लावताना ती नेमकी कुठून उगवते?

आणि हे कर्तव्य आपल्यावर कोणी नंतर लादलेले नाही. 1956 च्या ज्या कायद्याने आयोगाला वैधानिक अधिकार मिळाले, त्याच्या बाराव्या कलमात अध्यापन, परीक्षा आणि संशोधन यांचे दर्जे ठरवणे आणि टिकवणे हे आपले काम म्हणून नोंदलेले आहे. योगायोग असा, की त्याच वर्षी संसदेने वजनमापांच्या प्रमाणीकरणाचाही कायदा केला. तोवर एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे आणि त्यात शेतकरी नागवला जाई. पुढच्या काही वर्षांत किलो आणि लिटर खेड्यापाड्यांत पोचले. ज्वारीचे माप देशाने एक केले. मुलांच्या तीन-चार वर्षांच्या मेहनतीचे माप मात्र अजून ज्या त्या विद्यापीठाच्या पायलीने चालले आहे.

श्रेणीपद्धत आणताना आणखी एक आशा दाखवली गेली होती, एकेका गुणासाठी चाललेली जीवघेणी चढाओढ थांबेल अशी. प्रत्यक्षात काय झाले, ते एका हिशोबात दिसेल. 80 ला 10 आणि 70 ला 9 असा पायंडा धरा, आणि पाचही विषयांचे क्रेडिट सारखे. एका मुलाला पाचही विषयांत 79 मिळाले. एकूण 395, सरासरी 9. दुसऱ्याला तिनात 80 आणि दोनात 70. एकूण 380, सरासरी 9.6. पंधरा गुण कमी मिळवणारा पुढे गेला! साहजिकच 79 वाल्याला तो एक गुण आता पूर्वीपेक्षाही मोलाचा झाला आहे. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचा अर्ज, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, प्रत्येक पेपरची वेगळी फी. हे अर्ज भरण्याचे पैसे मला मिळतात, म्हणून खरे तर मी गप्प बसायला हवे.

ज्यांचे फॉर्म अडतात, त्यांना शेवटी रूपांतराचे प्रमाणपत्र आणायला सांगतात. ते महाविद्यालयात मिळत नाही, विद्यापीठातून आणावे लागते. आमच्या गावातून पहाटेच्या एसटीने निघावे, तर दुपारी खिडकीपाशी पोचता येते. चलन भरा, अर्ज द्या, आठवड्याने या. शेतमजुराच्या मुलीला त्या प्रमाणपत्रापायी दोन दिवसांची मजुरी आणि दोन वेळचे भाडे जाते, आणि हाती येतो तो एका ओळीचा कागद. ती ओळ प्रत्येक मार्कशीटच्या पाठीवर छापली असती तर काय बिघडले असते? काही विद्यापीठे ती छापतातही. म्हणजे अशक्य काहीच नाही.

आता आपण क्रेडिटची बँक काढली आहे. 2021 पासून विद्यार्थ्याने कमावलेले क्रेडिट खात्यावर जमा होतात, सात वर्षांपर्यंत टिकतात, एका विद्यापीठातून दुसरीकडे नेता येतात. कल्पना उत्तम आहे. मध्येच शिक्षण सोडावे लागणाऱ्या आमच्या भागातल्या मुलींना तिचा खरा उपयोग होऊ शकतो. पण 80 ला ‘ओ’ देणाऱ्या विद्यापीठातले क्रेडिट 91 ला ‘ओ’ देणाऱ्या विद्यापीठात गेले, तर त्यांच्यासोबतचे ग्रेड पॉइंट कोणत्या भावाने मोजणार? बँक म्हटले की चलन एक असावे लागते, हे सांगायला माझ्यासारखा दुकानदार कशाला हवा?

मागणे फार मोठे नाही. दशमान श्रेणीतल्या प्रत्येक अक्षरामागे गुणांची कोणती हद्द आहे, हे आयोगाने ठरवावे आणि सगळ्यांना बंधनकारक करावे. ज्यांना तुलनेने श्रेणी द्यायची आहे, त्यांनी तसे मार्कशीटवर ठळक लिहावे आणि वर्गाची सरासरीही छापावी. टक्क्यांचे सूत्र एकच असावे, ते मार्कशीटच्या पाठीवर असावे आणि त्यासाठी कोणी कोणाकडून पैसे घेऊ नयेत. आजवर ज्यांच्या पदव्या जुन्या गोंधळात निघाल्या, त्यांच्यासाठी कोणती तारीख आणि कोणते सूत्र, तेही सांगावे, कारण ती मुले अजून फॉर्म भरत आहेत.

या पत्राची पोच आपल्या कार्यालयाकडून येईल, अशी अपेक्षा आहे. न आल्यास दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, आणि अर्ज भरणे हा माझा धंदाच आहे. पण 6.3 म्हणजे किती टक्के, एवढे विचारण्यासाठी या देशातल्या नागरिकाने कायद्याचा आधार घ्यावा, अशी आपली खरोखर इच्छा आहे काय?

आपला,
महाविद्यालयासमोरचा एक दुकानदार