विहारयात्रा नको, धम्मयात्रा हवी!

"म्युझियम ही उच्चवर्णीयांची आणि पर्यटकांची जागा. आपलं तिथे काय काम?" हा प्रश्न आपलेच कार्यकर्ते विचारतात. मित्रांनो, आपलं तिथे काम आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सम्राट अशोकाच्या दोन शिलालेखांचे तुकडे आहेत. दोन्ही सोपारा परिसरातले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला. नवव्या लेखाचा १९५६ मध्ये भुईगावला सापडला. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेच हे वर्ष.

या लेखांचा पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणांमुळे कळतो. आठवा लेख सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. इथे विहार म्हणजे बुद्धविहार नव्हे, तर शिकार आणि मौजमजा. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधगयेला गेला आणि त्याने धम्मयात्रा सुरू केली. वृद्धांना दान द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धम्मावर बोलायचं.

नववा लेख तर थेट आपल्या घरात शिरतो. आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा वेळी लोक जे विधी करतात त्यांचं फळ थोडंच, असं अशोक म्हणतो. खरं मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा आदर, प्राण्यांबाबत संयम. बावीस प्रतिज्ञा घेऊनही घरभरणीला मुहूर्त शोधणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं.

संग्रहालयांवरचा आपला आक्षेप खरा आहे. शतक, शैली आणि दगडाचा प्रकार सांगून बुद्धाला 'प्राचीन कला' करून टाकलं जातं. हा धम्म कोणी संपवला आणि आज तो कोण जगतंय, हे प्रश्न बाहेरच राहतात. पण आपण गेलोच नाही तर ते विचारणार कोण? तिकीट परवडत नसेल तर वस्तीतल्या मुलांसाठी सवलत मागू. पाटी अपुरी असेल तर लेखी तक्रार करू. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या तरुणांनी एखादा दिवस यासाठीही ठेवावा. जाताना मजकुराचा मराठी अनुवाद सोबत न्यावा आणि लेखासमोर उभं राहून तो मोठ्याने वाचावा. नुसता सेल्फी काढून परतलो, तर ती विहारयात्राच!

अशोकाची ब्राह्मी लिपी लोक विसरले होते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली. तोवर लेख होते, वाचणारे नव्हते. आज आपण शिकलो आहोत. आता न वाचण्याला सबब नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!