गिझरचे पाणी तापेनासे झाले तर

पहाटे स्नानासाठी नळ उघडावा आणि पाणी गारच यावे, असे झाले की घरात प्रथम कारागिराचा फोन नंबर शोधला जातो. त्याआधी गिझरवरील तापण्याचा दिवा पाहावा. तो लागतच नसेल, तर वीज कॉइलपर्यंत पोहोचत नाही; एमसीबी पडला असेल, सॉकेट जळाले असेल, अथवा थर्मोस्टॅट वा कटआउटने प्रवाह तोडला असेल. दिवा लागूनही पाणी थंडच राहिले, तर बहुधा कॉइल जळालेली असते. एरवी 2 किलोवॉटच्या गिझरला 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत नेण्यास सुमारे 20 मिनिटे पुरतात. (एकासणाच्या पाण्यास तीन उकाळे हवेत; त्या कामी हे पाणी चालत नाही, ही गोष्ट वेगळी.)

खरी जपण्याची जागा कटआउटची. तो वारंवार पडू लागला की काही कारागीर तारा जोडून तो ‘डायरेक्ट’ करून देतात. पाणी तत्काळ तापते, सुट्या भागाचे पैसे वाचल्याचे समाधानही लाभते. परंतु पुढे थर्मोस्टॅट अडकला, तर टाकीतील पाणी उकळतच राहते आणि वाढता दाब सोडावयास सेफ्टी व्हॉल्व्हखेरीज काहीच उरत नाही. बोअरच्या पाण्यातील क्षाराने तोही कित्येकदा जाम झालेला असतो. म्हणून दुरुस्तीनंतर झाकण बसविण्यापूर्वीच, मुख्य स्विच बंद ठेवून, कटआउटच्या तारा जागच्या जागी आहेत हे कारागिराकडून दाखवून घ्यावे आणि मगच पैसे द्यावेत.