रक्त द्यावे, पण विचारून द्यावे

रक्ताच्या नावाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हीन लेखले गेले, त्यांच्याकडे कोणी संशोधनासाठी रक्त मागितले तर मनात शंका येणारच. ती शंका अज्ञानातून उपजलेली नाही. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले नाकाच्या मापावरून जातींची उच्चनीचता ठरवू पाहत होते. परंतु बाबासाहेबांनी म्हणून शास्त्राकडे पाठ फिरविली नाही. अशाच मापांच्या आधारे त्यांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात ब्राह्मण व अस्पृश्य यांचे वंश भिन्न नाहीत, हे दाखवून दिले. आपणही तोच मार्ग धरला पाहिजे.

विदर्भात आदिवासी व बौद्ध समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः बहुधा निरोगी असतो; म्हणून तपासणीवाचून ते कळत नाही. हा जातीचा डाग नव्हे. जेथे हिवताप माजला, तेथे हा गुण टिकला. आफ्रिकेत व अरबस्तानातही तो आहे. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत याच्या निर्मूलनाचे ध्येय ठेविले आहे.

कुपवाडच्या वाचकाला हे दुखणे दूरचे वाटेल. परंतु लग्नसंबंधाने व पोटापाण्याने माणसे जिल्हे ओलांडतात, आणि रक्त त्यांच्याबरोबर जाते.

मग विश्वास कशावर ठेवावा? अमेरिकेत हवासुपाई या आदिवासी जमातीचे रक्त १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतले गेले आणि न विचारता मनोविकारांच्या संशोधनालाही वापरले गेले. जमात न्यायालयात गेली. २०१० साली तिला ७ लाख डॉलर व आपले नमुने परत मिळाले.

आपल्या देशातही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम आहेत. संमती आपल्याला समजणाऱ्या भाषेत घेतली पाहिजे, माहिती गुप्त राहिली पाहिजे, आणि केव्हाही माघार घेण्याचा हक्क आपल्याला आहे.

तेव्हा कुपवाडच्या विहारात उद्या असे शिबिर भरले, तर दार लावून घेऊ नका आणि कोऱ्या कागदावर अंगठाही देऊ नका. रक्त कशासाठी? ते कोठे राहील? निकाल आम्हांस कोण सांगेल? जातीचा रकाना कशाला? या प्रश्नांची सरळ उत्तरे जो देईल, त्यालाच आपला हात पुढे करा. विश्वास मागून मिळत नसतो. तो उत्तरे देऊन मिळवावा लागतो.