अपग्रेड करायचंय? आधी बॅकअप उघडून बघा



२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक चूक केली. सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगते. कारण शाळेचं काम स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कुणाच्याही हातून ती होऊ शकते.

आमच्या शाळेने जुलै २०२३ मध्ये संगणक कक्षातल्या एका जुन्या पीसीवर नेक्स्टक्लाउड बसवलं. मुलांचे प्रकल्प, सहलीचे फोटो, गुणांच्या शीट हे सगळं आपल्याच डिस्कवर राहावं, हा हेतू. हेतू चांगला होता, आजही आहे. पण एकदा बसवल्यावर सव्वा वर्ष कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा!" हे आपलं ठरलेलं उत्तर.

कंटेनर म्हणजे काय?

आधी हे समजून घेऊ. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं तयार गाठोडं म्हणजे इमेज. ती चालू केली की झाला कंटेनर. आमच्याकडे दोन कंटेनर होते: एकात नेक्स्टक्लाउड, दुसऱ्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस. माहिती मात्र कंटेनरच्या बाहेर, व्हॉल्यूममध्ये राहते.

शाळेच्या भाषेत सांगायचं तर कंटेनर म्हणजे लिपिक आणि व्हॉल्यूम म्हणजे कपाटातलं जनरल रजिस्टर. लिपिक बदलला तरी रजिस्टर तेच राहतं. म्हणूनच अपग्रेड सोपं वाटतं: नवी इमेज उतरवा, जुना कंटेनर काढा, नवा लावा. दोन आज्ञांचं काम! पण नव्या लिपिकाला जुन्या रजिस्टरची लिपीच वाचता आली नाही तर?

नेमकं काय घडलं?

आमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन्ही इमेजपुढे आवृत्तीचा क्रमांक नव्हताच. लिहिलं होतं 'लेटेस्ट'. या शब्दाचा अर्थ तुम्ही ज्या दिवशी इमेज उतरवाल त्या दिवसाप्रमाणे बदलतो. जुलै २०२३ मध्ये तो नेक्स्टक्लाउड २७ आणि पोस्टग्रेस १५ होता. दिवाळीत मी दोन आज्ञा दिल्या आणि तो झाला ३० आणि १७.

दोन्ही बंद पडले. लॉग उघडला तर डेटाबेस म्हणत होता, या फाइली १५ व्या आवृत्तीने बनवल्यात, मी १७ वी आहे, मला चालणार नाहीत. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की जुना डेटा तो आपोआप वाचत नाही. आधी जुन्या आवृत्तीतून डेटा बाहेर काढून नवीत भरावा लागतो किंवा त्यासाठीचं वेगळं साधन वापरावं लागतं.

प्रथम सत्राचे सगळे गुण त्यात होते. सुट्टी संपायला चार दिवस. फोनवर एका ओळखीच्याने सल्ला दिला, "मॅडम, व्हॉल्यूम उडवा आणि नव्याने सुरू करा." खरं सांगते, हात कीबोर्डवर गेला होता. ते केलं असतं तर रजिस्टरच जाळल्यासारखं झालं असतं.

बॅकअप होता का? होता की! पण त्याच डिस्कवर, आणि फक्त फाइलींचा. कुणाचं खातं कोणतं, कोणती फाइल कुणाला दिलेली, ही नोंद डेटाबेसमध्ये असते, आणि त्याची प्रत कुणी घेतलेलीच नव्हती.

शेवटी 'लेटेस्ट' खोडून २७ आणि १५ हे आकडे लिहिले. पुन्हा सुरू केलं, आणि सगळं जसंच्या तसं आलं. सुदैव म्हणा. दोघांनीही जुन्या डेटाला हात न लावता आधीच नकार दिला होता, म्हणून वाचलो.

योग्य रीत

नाताळच्या सुट्टीत मी आणि एक सहकारी सर, दोघांनी मिळून ते नीट केलं.

१. बॅकअप: नेक्स्टक्लाउड मेंटेनन्स मोडवर टाकून फाइली, सेटिंग आणि डेटाबेस या तिन्हींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. न उघडलेला बॅकअप म्हणजे न तपासलेली उत्तरपत्रिका, पास की नापास कुणाला ठाऊक?

२. एकेक पायरी: नेक्स्टक्लाउड मधल्या इयत्ता गाळू देत नाही. २७ वरून २८, मग २९, मग ३०. प्रत्येक पायरीवर लॉगिन करून चार फाइली उघडल्या. वर गेल्यावर थेट खाली येता येत नाही. मागे फिरायचं तर बॅकअपच लागतो.

३. एका दिवशी एकच बदल: डेटाबेस मुद्दाम १५ वरच ठेवला. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं सुधारणा मिळतात, म्हणजे १५ ला २०२७ पर्यंत. घाई नव्हती.

"मग अपग्रेड करायचंच कशाला?" असं काहीजण विचारतात. कारण नेक्स्टक्लाउड २७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं जून २०२४ मध्येच थांबलं होतं. म्हणजे कुलूप जुनं झालंय हे माहीत असून आम्ही मुलांची माहिती त्याच खोलीत ठेवत होतो.

माझं मत

माझं मत स्पष्ट आहे. ज्या शाळेत अपग्रेडसाठी दोन माणसं आणि वर्षातले निदान तीन दिवस ठरलेले नाहीत, त्या शाळेने स्वतःचा सर्व्हर चालवू नये. दोन माणसं अशासाठी, की एकाची बदली झाली तरी काम अडू नये. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण त्याची देखभाल फुकट होत नाही. मुख्याध्यापकांनी हे काम 'आवड आहे म्हणून करतात' या खात्यात न टाकता वेळापत्रकात टाकावं.

आणि पालकहो, पुढच्या पालक सभेत एकच प्रश्न विचारा: "आमच्या मुलांच्या माहितीचा बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला?" शिक्षकांना अडचणीत आणायला नव्हे, तर त्या कामासाठी त्यांना वेळ मिळावा म्हणून विचारा. मला तो प्रश्न कुणी विचारला असता, तर ती दिवाळी फराळात गेली असती.