एकाच डिस्कचे दोन मालक

"विंडोजसाठी रीबूट कशाला करतोस? तीच विंडोज लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीनवर चालव की!" असं कुणी शिकवलं की माझं डोकं सटकतं. कारण हा शहाणपणा मी स्वतः करून बसलोय.

स्थळ: चिखला, तालुका तुमसर. मॉइलच्या मँगनीज खाणीचं गाव, माझं घर. खाणीतून रिटायर झालेल्या बाबांनी सोबतच्यांचे पेन्शनचे, पीएफचे अर्ज वर्षानुवर्षं श्रीलिपीत टाइप केलेत. युनिकोड नाही, तो फाँट नसला की नुसती एबीसीडीची खिचडी दिसते. म्हणून लॅपटॉपवर जुनी विंडोज ठेवली आणि शेजारी लिनक्स टाकलं.

मागच्या दिवाळीत मी व्हर्च्युअलबॉक्सला अख्खी हार्डडिस्क 'रॉ डिस्क' म्हणून देऊन टाकली, मशीन सुरू केलं आणि चहा घ्यायला उठलो. खिडकीत ग्रबचा मेनू आला, त्याने दहा सेकंद मोजले आणि नेहमीप्रमाणे लिनक्स बूट केलं. तेच लिनक्स, जे बाहेर आधीच चालू होतं! पार्टिशन एक, कर्नल दोन, प्रत्येकाची कॅशे वेगळी, आणि दोघंही समजतात डिस्कचा मालक मीच. फाइल सिस्टिमचा भुगा झाला. विंडोज वाचली, ती निव्वळ नशिबानं.

बाबा एवढंच म्हणाले, "पहिल्या पाळीनं चार्ज देल्याशिवाय दुसरी पाळी हात नाही लावत रे बाबू."

आता तुम्ही म्हणाल, फक्त विंडोजचंच पार्टिशन द्यायचं. बरं, देऊ. पण २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. शटडाउन केलं तरी कर्नल हायबरनेट होऊन डिस्कवर झोपलेला असतो. तो उठतो तेव्हा मदरबोर्ड वेगळा, डिस्क कंट्रोलर वेगळा. मग कधी निळा पडदा, कधी पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन. एवढं करून वाचवलं काय? रीबूटची दोन मिनिटं!

सरळ रस्ता आहे. एक्स्टर्नल डिस्कवर डीडीने इमेज काढा, व्हीबॉक्समॅनेजच्या कन्व्हर्टफ्रॉमरॉने तिची व्हर्च्युअल डिस्क करा, स्नॅपशॉट घ्या आणि ती कॉपी चालवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा तिचं नेटवर्कही बंद ठेवा. मूळ पार्टिशनला हात लावू नका.

जागा लागते म्हणता? लागू द्या. ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकता येते. बाबांचे अर्ज कुठून डाउनलोड करणार?

आधी कॉपी काढा, मग माझ्याशी भांडायला या.